पोरोथेले: न्यूझीलंडमधला बोगदा विणणारा कोळी शोधावा कसा आणि त्याचे घर न मोडता पाहावा कसा

न्यूझीलंडमध्ये कुजत चाललेल्या ओंडक्याखाली, रचलेल्या दगडी बांधाच्या फटीत किंवा बागेच्या कोपऱ्यातल्या लाकडांच्या ढिगात पांढऱ्या रेशमाची एक दाट नळी आत जाताना दिसली आणि तिचे तोंड बाहेरच्या बाजूस पातळ चादरीसारखे पसरलेले असले, तर ते पोरोथेले या प्रजातीतल्या कोळ्याचे घर असण्याचा बराच संभव असतो. ही प्रजाती न्यूझीलंडखेरीज जगात कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. तेथे बोलीत तिला टनेलवेब म्हणजे बोगद्याचे जाळे विणणारा कोळी म्हणतात. माओरी भाषेत कोळ्याला पूंगावेरेवेरे असा सर्वसाधारण शब्द आहे. हा कोळी दुर्मिळ नाही, घरांच्या आसपासही राहतो आणि त्याला पाहण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत; तरीही पुष्कळांना तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याचे घर उचकटल्यामुळे दिसतो. ते टाळून त्याला पाहता येते, आणि तसे पाहिले तर कितीतरी अधिक दिसते, म्हणून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

आधी थोडी ओळख

या प्रजातीत सध्या पाच जाती मानल्या जातात. सर्वांत परिचित जातीचे, म्हणजे पोरोथेले अँटिपोडियानाचे, वर्णन फ्रेंच अभ्यासक वाल्कनेर यांनी 1837 साली केले. पोरोथेले हे प्रजातीचे नाव फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजेन सिमों यांनी 1892 साली दिले. आणि ब्लांडा, मोआना, मोदेस्ता व क्वाड्रिगिना या उरलेल्या चार जातींचे वर्णन न्यूझीलंडचे रे फॉर्स्टर यांनी 1968 साली प्रसिद्ध केले. फॉर्स्टर हे डनेडिन येथील ओटागो म्युझियमचे संचालक होते आणि त्या देशातल्या कोळ्यांविषयी आज जे काही माहीत आहे त्याचा फार मोठा भाग त्यांच्या कामावर उभा आहे. कुळाच्या बाबतीत मात्र ही प्रजाती बरीच फिरली. दीर्घ काळ ती हेक्साथेलिडी या कुळात धरली जात असे. 2018 साली जनुकीय पुराव्याच्या आधारे तिच्यासाठी पोरोथेलिडी हे स्वतंत्र कुळ करण्यात आले आणि त्या कुळात ही एकच प्रजाती आहे. जुनी माहितीपत्रके वाचताना कुळाचे नाव वेगळे दिसले तर गोंधळून जाऊ नये, ती फक्त 2018 च्या आधीची आहेत.

शरीररचनेच्या दृष्टीने हा कोळी मोठ्या केसाळ टॅरँट्युला कोळ्यांच्या गटातला आहे. या गटातल्या कोळ्यांचे विषदंत एकमेकांना समांतर, वरून खाली कुदळीसारखे येतात, तर घरातल्या नेहमीच्या कोळ्यांचे विषदंत चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. त्यांना पुस्तकाच्या पानांसारख्या घड्या असलेल्या फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. डोळे आठ असले तरी ते लहान असून डोक्यावर एका ठिकाणी गोळा झालेले असतात, त्यामुळे या कोळ्याचे जग मुख्यतः कंपनांचे असते. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण निरीक्षणाची सगळी पद्धत तिच्यावर अवलंबून आहे.

कोठे शोधावे

सुरुवात घराच्या बागेतून करावी. जंगलात जाण्याची घाई करणारे नवशिके पुष्कळ असतात, पण अँटिपोडियाना ही जाती माणसाच्या वस्तीशी चांगली जुळवून घेते आणि वेलिंग्टनसारख्या शहरातल्या बागांमध्येही सापडते. शोधताना तीन गोष्टी एकत्र आलेली जागा पाहावी: ओलावा टिकून राहील अशी सावली, वर्षानुवर्षे कोणी न हलवलेली एखादी जड वस्तू, आणि तिच्याखाली किंवा तिच्यात आत जाण्यास वाट. उताराला धरून ठेवण्यासाठी रचलेल्या दगडी भिंती, वृक्षनेच्याच्या म्हणजे पोंगाच्या बुंध्यांचे बांध, जुना लाकूडफाटा, पायऱ्यांच्या खालची पोकळी, घराखालच्या मोकळ्या जागेच्या कडा, या सगळ्यांत आशा असते. नुकत्याच आणून टाकलेल्या दगडाखाली शोधण्यात वेळ घालवू नये.

समुद्रकिनाऱ्याजवळ वाहून आलेल्या ओंडक्यांखाली शोधण्याचा मोह होतो, पण तेथे एक स्पष्ट सूचना द्यावीशी वाटते. न्यूझीलंडच्या वाळूच्या टेकड्यांवर काटिपो नावाचा लहान, विषारी कोळी राहतो आणि किनाऱ्यावरची लाकडे हे त्याचे आवडते आश्रयस्थान आहे. तो 1953 च्या वाइल्डलाइफ अ‍ॅक्टनुसार संरक्षित आहे. त्याची संख्या घटलेली असल्यामुळे त्याचे जाळे मोडणे हा कायद्याचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून अधिक, आधीच अडचणीत असलेल्या जिवाला आणखी अडचणीत लोटणे आहे. म्हणून किनाऱ्यावरची लाकडे उलथू नयेत. बोगद्याचे तोंड बाहेरून दिसले तर पाहावे, नाही दिसले तर पुढे जावे.

जंगलात जायचेच असेल तर वाटेवरूनच चालावे. वाटेच्या कडेला असलेले मातीचे चढ, मुळांखालच्या खोबणी आणि आडवे पडलेले खोड यांत पुरेसे काही दिसते. देशाच्या उत्तर भागात, विशेषतः नॉर्थलंड, ऑकलंड आणि कोरोमंडल येथे, काउरी वृक्षांना मारणारा रोग मातीतून पसरतो. बुटांना चिकटलेली चिमूटभर मातीही तो एका रानातून दुसऱ्या रानात नेऊ शकते. अशा रानांच्या प्रवेशद्वाराशी बूट घासून निर्जंतुक करण्याची सोय असते, ती जाताना आणि परतताना दोन्ही वेळा वापरावी आणि बंद केलेल्या वाटांवर पाऊल टाकू नये. परदेशातून येणाऱ्यांनी वापरलेले बूट व तंबू विमानतळावर स्वतःहून जाहीर करावेत; तपासणीला वेळ लागतो, पण तेथील जैवसुरक्षेचे नियम अत्यंत कडक आहेत आणि ते तसे असण्यास सबळ कारणे आहेत.

बोगद्याचे तोंड वाचणे

माझ्या मते या कोळ्याच्या अभ्यासातला सर्वांत समृद्ध भाग हाच आहे आणि तो दिवसाउजेडी, कशालाही हात न लावता करता येतो. बोगद्यासमोर निदान 10 मिनिटे बसावे. पहिल्यांदा रेशीम पाहावे. वापरात असलेल्या बोगद्याचे रेशीम पांढरे किंवा किंचित निळसर, ताणलेले आणि दाट असते. कोळी रात्री त्याच्यावरून फिरताना नवे धागे टाकत राहतो, त्यामुळे ते थरांवर थर चढल्यासारखे दिसते. सोडून दिलेल्या बोगद्याचे रेशीम राखाडी पडते, त्यात माती आणि पानांचा चुरा अडकतो, कडा लोंबू लागतात आणि तोंड बुजत जाते. अधूनमधून दोन्हींचे मिश्रण दिसते: बाहेरची चादर मळलेली, पण आतली नळी स्वच्छ. अशा वेळी नळीवर विश्वास ठेवावा, चादरीवर नाही. वारा, पाऊस आणि मांजरे चादर खराब करतात, पण कोळी राहतो नळीत.

यानंतर तोंडाच्या आसपासचा कचरा पाहावा. हा कोळी भुंगेरे, कानकिडे, लाकडाखालचे राखाडी स्लेटर म्हणजे ओलाव्यात राहणारे, कवच असलेले बहुपाद जीव, मिलिपीड असे जमिनीवर चालणारे बहुतेक लहान प्राणी खातो, आणि त्याची खरी प्रसिद्धी गोगलगाईंची शिकार करण्याबद्दल आहे. शंख फोडण्याची ताकद त्याच्यात नसते; तो गोगलगाईच्या मऊ अंगावर विषदंत रोवतो आणि पकड सोडत नाही. युरोपातून आलेली तपकिरी बागगोगलगाय न्यूझीलंडच्या भाजीबागांना उपद्रव देते आणि हा देशी कोळी तिला खातो, हे बागाईत करणाऱ्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावे. तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी किंवा रेशमात गुंतलेले रिकामे शंख, भुंगेऱ्यांचे चकचकीत पंखकवच आणि पायांचे तुकडे दिसले तर आतला रहिवासी खातापिता आहे असे समजावे. हा कचरा साफ करू नये. एका बोगद्यासमोर काय काय पडले आहे याची महिन्याकाठी नोंद ठेवली, तर त्या भागात जमिनीवर कोणते जीव वावरतात याची यादीच हळूहळू तयार होते.

कधी कधी कचऱ्यात पूर्ण कोळ्याच्या आकाराचे, पण पोकळ आणि हलके असे काहीतरी सापडते. तो मेलेला कोळी नसून त्याने टाकलेली कात असते. या गटातल्या माद्या प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतात आणि अनेक वर्षे जगतात, त्यामुळे एकाच बोगद्यापाशी वेगवेगळ्या काळी लहानमोठ्या काती दिसणे शक्य असते. कात आहे की मृत शरीर हे ओळखण्यासाठी पाठीवरचे कवच पाहावे: कात टाकताना ते झाकणासारखे उघडते.

गवताच्या काडीने चादरीला हलकेच स्पर्श करून कोळ्याला बाहेर बोलावण्याची पद्धत बरेच जण सांगतात. ती चालते, पण एका भेटीत एकदाच करावी. कोळ्याला खोटे कंपन आणि भक्ष्याचे कंपन यांतला फरक लवकर कळतो आणि वारंवार त्रास दिल्यास तो नळीच्या तळाशी जाऊन बसतो. शिवाय प्रत्येक धावेत त्याची शक्ती खर्च होते. काडी मऊ आणि हिरवी असावी, वाळकी काटकी रेशीम फाडते. काडीवर झडप घातलेल्या कोळ्याला तिच्यासकट बाहेर ओढू नये.

रात्रीचे निरीक्षण

दिवसा वाचून ठेवलेल्या बोगद्याकडे अंधार पडल्यावर तासाभराने परत जावे. पोरोथेले निशाचर आहे. रात्री तो नळीच्या तोंडाशी येतो आणि पुढचे पाय चादरीवर टेकवून बसतो. चादरीवरून एखादा स्लेटर चालला की त्याची हालचाल धाग्यांतून पायांपर्यंत पोहोचते आणि कोळी ज्या वेगाने बाहेर येतो तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला दचकवतो.

येथे कंपनांची गोष्ट पुन्हा आठवावी. कोळ्याला आपला चेहरा फारसा दिसत नाही, पण आपले पाऊल त्याला जाणवते. म्हणून शेवटची चार-पाच पावले अगदी सावकाश टाकावीत, ज्या भिंतीत बोगदा आहे तिला टेकू नये, त्याच फळीवर किंवा ओंडक्यावर बसू नये, आणि जाळ्यावर फुंकर जाईल इतके जवळ तोंड नेऊ नये. डोक्याला बांधायच्या दिव्यावर लाल उजेडाची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर काचेवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी लावावा. उजेड थेट तोंडात न टाकता बाजूने टाकला तर रेशमाचे थरही दिसतात आणि कोळी आत पळण्याची शक्यताही कमी होते. कोळी आत गेलाच, तर दिवा बंद करून 10 ते 15 मिनिटे थांबावे. बहुतेक लोक या टप्प्यावर कंटाळून निघून जातात. थोडे अधिक थांबणाऱ्याला कोळी पुन्हा येताना, प्रथम दोन पायांची टोके आणि मग उरलेले शरीर असा क्रमाने दिसतो.

उबदार, ओलसर आणि वारा नसलेली रात्र सर्वांत चांगली. डिसेंबर ते फेब्रुवारी हा न्यूझीलंडचा उन्हाळा असतो, हे परदेशी वाचकांनी सहल ठरवताना विसरू नये.

ओळख पटवणे

अँटिपोडियानाच्या प्रौढ मादीचे शरीर पाय न धरता सुमारे 3 सेंटीमीटरपर्यंत लांब होते. पोट जांभळट काळे आणि मखमली, पाय गडद, आणि पुढच्या भागावरचे कवच नारिंगी ते तांबूस तपकिरी असते. ब्लॅक टनेलवेब या प्रचलित नावामुळे सर्वांगी काळ्या कोळ्याची अपेक्षा करणारे लोक हे नारिंगी कवच पाहून दुसरीच जाती असल्याचे ठरवतात; ती चूक टाळावी. पोटाच्या टोकाशी रेशीम सोडणारे अवयव असतात आणि त्यांपैकी मागची जोडी लांब, बोटांसारखी बाहेर आलेली दिसते. नर बारीक अंगाचा आणि लांब पायांचा असतो, त्याच्या तोंडाजवळच्या पायांसारख्या अवयवांची टोके फुगीर असतात.

सर्वाधिक गोंधळ होतो तो हेक्साथेले या दुसऱ्या देशी प्रजातीशी. तीही नळीसारखे घर विणते आणि तशाच जागी राहते. तिच्या पोटावर फिक्या आणि गडद रंगांचे बाणाच्या टोकासारखे पट्टे असतात, तर पोरोथेलेच्या काळपट पोटावर असे ठसठशीत नक्षीकाम नसते. शिवाय हेक्साथेलेला रेशीम सोडणारे सहा अवयव असतात आणि पोरोथेलेला चार. ही खूण पक्की असली तरी ती पाहण्यासाठी कोळी उलटा धरावा लागतो, आणि केवळ नाव कळावे म्हणून तसे करणे मला समर्थनीय वाटत नाही. जमिनीत सरळ बीळ करून काही वेळा त्यावर झाकण बसवणारा कॅन्टुआरिया वेगळा. त्याच्या बिळाबाहेर पसरलेली चादर नसते. झुडपांच्या मध्ये आडवी, मोठी चादर ताणून तिच्या खालच्या बाजूने उलटा चालणारा केंब्रिजिया वेगळा; तो दुसऱ्याच गटातला आहे आणि चादरीच्या वर नव्हे तर खाली दिसतो, एवढे पाहिले तरी पुरे. कुंपणाच्या आणि खिडक्यांच्या कोपऱ्यात विस्कटलेले, धुळकट जाळे करणारा राखाडी कोळी ऑस्ट्रेलियातून आलेला पाहुणा आहे.

पोरोथेलेच्या पाच जातींमधला फरक छायाचित्रावरून सांगण्याचा हट्ट धरू नये. तो फरक मुख्यतः प्रजननेंद्रियांच्या रचनेत आहे आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. नोंद करताना पोरोथेले इतकेच लिहिणे हे अपूर्ण काम नव्हे, ते प्रामाणिक काम आहे.

दगड उचलावाच लागला तर

बागेत काम करताना दगड हलवणे कधी अपरिहार्य असते. त्या वेळी एक गोष्ट समजून घ्यावी: नळी बहुधा खालच्या मातीला आणि वरच्या दगडाला, दोन्हींना चिकटलेली असते. दगड झटक्यात उलथला तर नळी उभी फाटते, आतला ओलावा उडून जातो आणि आयुष्याचा मोठा भाग ज्या घरात काढायचा ते घर एका क्षणात उघडे पडते. म्हणून जाड हातमोजे घालून दगडाची एकच कड हळूहळू, चार-पाच बोटे उचलावी, रेशीम ताणले जाताना दिसताच थांबावे, पाहावे आणि तशीच खाली टेकवावी. दगड पूर्ण बाजूला झालाच, तर त्याची वरची बाजू आणि दिशा खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे तो होता तसाच परत बसवता येतो. कोळी उघड्यावर आलेला असेल तर त्याच्यावर दगड ठेवू नये. आधी दगड जागेवर बसवावा आणि मग कोळ्याला कडेच्या फटीतून स्वतः आत जाऊ द्यावे, लागल्यास पानाने हलकेच दिशा दाखवावी. नळीत पांढरी, फुगीर अंड्यांची पिशवी दिसली तर छायाचित्राचाही मोह टाळून ताबडतोब झाकावे.

हे सगळे स्वतःच्या बागेपुरते झाले. सार्वजनिक संरक्षित जमिनीवर आणि राष्ट्रीय उद्यानांत दगड-ओंडके उलथू नयेत, आणि डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन या सरकारी संवर्धन खात्याच्या परवान्यावाचून एकही कोळी उचलू नये. काचेच्या पेटीत पाळण्यासाठी त्याला बागेतून काढण्याबद्दल विचारणा होत असते. माझे उत्तर असे आहे की ज्याचा बोगदा आपल्या दारात आहे त्याला पेटीत ठेवून अधिक काहीच दिसत नाही.

छायाचित्र आणि नोंद

उपयोगी नोंदीसाठी चार छायाचित्रे पुरतात: आजूबाजूच्या जागेसह बोगदा, तोंडाचे जवळून चित्र, कोळी बाहेर आला असेल तर वरून संपूर्ण शरीर, आणि बाजूने पोटाचे टोक. आकार कळण्यासाठी चादरीला स्पर्श होणार नाही अशा बेताने शेजारी मोजपट्टी ठेवावी. मोजपट्टी नसेल तर न्यूझीलंडचे तांब्याच्या रंगाचे 10 सेंटचे नाणे उत्तम काम देते, त्याचा व्यास 20.5 मिलिमीटर असतो. फ्लॅशवर पातळ पांढरा कागद लावल्यास काळ्या पोटावरची चकाकी कमी होते आणि कवचाचा खरा रंग उतरतो.

ही छायाचित्रे तारीख, वेळ आणि ठिकाण यांसह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळाच्या न्यूझीलंडसाठीच्या मंचावर टाकावीत. तेथे जाणकार मंडळी ओळख तपासतात. वहीत मात्र त्याहून अधिक लिहावे: आदल्या दिवशी पाऊस होता का, तोंडाशी काय पडले होते, कोळी किती वेळाने बाहेर आला. बागेत कोळी मेलेला सापडला आणि तो नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर लहान बाटलीत घालून जवळच्या संग्रहालयाला विचारावे. वेलिंग्टनचे ‘ते पापा’ नावाचे संग्रहालय, डनेडिनचे ओटागो म्युझियम, क्राइस्टचर्चचे कँटरबरी म्युझियम आणि ऑकलंडचे वॉर मेमोरियल म्युझियम यांच्याकडे नैसर्गिक इतिहासाचे मोठे संग्रह आहेत.

निरीक्षण करताना दोन दृश्ये अस्वस्थ करू शकतात, म्हणून आधीच सांगतो. एक, काळ्या रंगाची मोठी शिकारी गांधीलमाशी लुळा पडलेला कोळी जमिनीवरून ओढत नेताना दिसते. ही प्रायोक्नेमिस मोनाकस नावाची देशी माशी असून ती कोळ्याला डंखाने निश्चल करते, बिळात ठेवते आणि त्याच्यावर अंडे घालते. बाहेर आलेल्या अळीचे ते अन्न असते. कोळी सोडवण्यासाठी मध्ये पडू नये, तो पुन्हा सावरत नाही आणि माशीचे सारे श्रम वाया जातात. दुसरे, मेलेल्या कोळ्याच्या पोटातून लांब, पांढरा, दोऱ्यासारखा कृमी बाहेर आलेला दिसतो. तो या गटातल्या कोळ्यांच्या शरीरात वाढणारा परजीवी सूत्रकृमी आहे. दोन्ही घटनांची छायाचित्रे जरूर घ्यावीत, त्यांच्या नोंदी कमी मिळतात.

घरात शिरलेला कोळी

घरात सापडणारे पोरोथेले बहुतेक वेळा नर असतात. प्रौढ नर आपला बोगदा सोडून मादीच्या शोधात रात्रीचा भटकतो, दाराखालच्या फटीतून आत येतो आणि न्हाणीघरातल्या टबाच्या गुळगुळीत भिंतींमुळे तेथे अडकतो. त्याच्यावर रुंद तोंडाची बरणी पालथी घालावी, खालून जाड पुठ्ठा सरकवावा, पुठ्ठ्यासकट बरणी उचलून बाहेर न्यावी आणि लाकडांच्या ढिगाजवळ किंवा दगडी बांधाच्या पायथ्याशी आडवी ठेवून दूर व्हावे. पातळ कागद वापरू नये, तो वाकतो. टबात रात्री टॉवेलचे एक टोक लोंबते ठेवले तर पुढच्या पाहुण्याला आपोआप वर चढता येते, आणि ही साधी युक्ती ज्यांना कोळ्याच्या जवळही जायचे नाही त्यांच्यासाठी सर्वांत सोयीची आहे.

घाबरलेला पोरोथेले पुढचा भाग उंचावून विषदंत दाखवतो. तो आपल्या अंगावर धावून येण्याचा हेतू नसून मागे हटा असे सांगणे असते. त्याचे विषदंत मोठे असल्याने चावा दुखतो, परंतु तो माणसासाठी धोकादायक मानला जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या जीवघेण्या फनेलवेब कोळ्यांशी त्याची तुलना करून घाबरण्याचे कारण नाही, ते आता वेगळ्या कुळात आहेत. चावा झालाच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि सूज वाढत राहिल्यास किंवा ताप आल्यास हेल्थलाइन या फोनवरच्या आरोग्य सल्लासेवेच्या 0800 611 116 या क्रमांकावर सल्ला घ्यावा. श्वास घेण्यास त्रास किंवा चेहऱ्यावर सूज अशी तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणे दिसली तर कोणता कोळी होता याचा विचार न करता तातडीच्या मदतीच्या 111 या क्रमांकावर फोन करावा.

बागेत त्याला जागा ठेवणे

बागेत हा कोळी राहावा असे वाटत असेल तर करण्यापेक्षा न करण्याच्या गोष्टीच अधिक आहेत. दक्षिणेकडच्या सावलीच्या कोपऱ्यात (न्यूझीलंडमध्ये ऊन उत्तरेकडून येते) चार-पाच ओंडके जमिनीला अर्धे टेकतील असे रचावेत, मधल्या फटी बुजवू नयेत आणि मग ते ओंडके वर्षानुवर्षे तेथून हलवू नयेत. सरपणाचा ढीग आणि कोळ्यांचा ढीग वेगळे ठेवावेत, म्हणजे थंडीत शेगडीसाठी लाकूड ओढताना बोगदे फाटत नाहीत. भिंतीच्या कडेने कीटकनाशक फवारू नये. ते कोळ्याला थेट मारते किंवा त्याचे अन्न संपवते. गोगलगाई मारण्याच्या गोळ्या टाकण्याआधी एकदा बांधाच्या फटी पाहाव्यात. तोंडाशी रिकामे शंख पडलेले असतील, तर ते काम तेथे आधीच कोणीतरी करत आहे, आणि त्या बांधाभोवतीच्या दोन-तीन पावलांच्या पट्ट्यात गोळ्या टाकू नयेत.

पहिल्या वर्षी बहुधा काही दिसणार नाही. दुसऱ्या वर्षी एखाद्या फटीत बोटाच्या पेराइतकी पांढरी नळी दिसली, तर तिच्याशेजारी लहानशी खूण रोवावी आणि ओंडका हलवू नका असे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.